पुसलेल्या रेघांचा खुलासा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिच्याशी कसा वागलो तेही सांगायचं आहे.

आत्या वडिलांची मोठी बहीण. चिंचणीला आमच्याच घरात राहायची, अजून राहते. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते, एकदा गेले की आठ-दहा दिवस येत नसत. आई बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला, पहिली पाळी धरायला अंधारातच निघायची. त्यामुळे मला उठवणं, न्हाऊ घालणं, शाळेत ढकलणं हे सगळं आत्याने केलं. दहावीनंतर वडिलांचा विचार होता की मी बोटीवर यावं. आत्याने त्यांच्याशी वाद घातला नाही. ती सकाळी माझा दाखला पदरात बांधून पालघरला गेली आणि कॉलेजच्या खिडकीवर उभी राहून माझं नाव घालूनच परत आली. फॉर्मवर पालक म्हणून तिचा अंगठा आहे. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर, आणि त्या पदवीच्या मुळाशी तो अंगठा आहे.

आत्याला लिहिता-वाचता येत नाही. पण गल्लीतल्या बायकांची ओहोटी ती सांभाळायची. बोटीवरची माणसं आपली भरती-ओहोटी स्वतः बघतात. बायकांना ती कालवांसाठी लागते. पाणी उतरलं की खडक उघडे पडतात, मग लोखंडी कोयती आणि टोपली घेऊन जायचं, कालवं फोडायची आणि पाणी चढायच्या आत परत यायचं. घरची कामं, मुलं, बाजार यातून जायचं म्हणजे वेळ आधी ठाऊक हवी. ती वेळ आत्या आदल्या संध्याकाळी आमच्या ओट्याच्या भिंतीवर कोळशाने काढून ठेवायची.

तिची पद्धत सोपी होती. अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. पुढे दर तिथीला ती दोन घटका उशिरा येते, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. एका घटकेला एक उभी रेघ. दहा रेघा झाल्या, म्हणजे पाच तिथ्या झाल्या, की चार तास भरतात. तेव्हा दहा रेघांऐवजी ती एक गळ काढायची, मासे धरायचा असतो तसा वाकडा. भिंतीवर एकच गळ असला तर पंचमी, भरती चार वाजता, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, सकाळी दहाला खडक उघडे. येता-जाता बायका भिंतीकडे बघायच्या आणि कामाला लागायच्या. कुणी कधी घड्याळाचं नाव काढल्याचं मला आठवत नाही.

आणि दुसरा नियम असा की खडकावरून जी पहिली परत येईल तिने अंगठा ओला करून त्या रेघा पुसायच्या. लगेच. पाय धुवायच्याही आधी.

हा नियम पूर्वी एवढा कडक नव्हता. मी सहावी-सातवीत असताना आमच्या गल्लीत एक जोडपं भाड्याने राहायला आलं. नवरा बोईसरला कामाला, बायको जव्हारकडची, डोंगरातली. तिने तोपर्यंत समुद्र फक्त लांबून बघितला होता. बायकांबरोबर ती दोनदा कालवांना गेली आणि भिंतीवरच्या खुणा कशा वाचायच्या ते शिकली. त्यानंतर आत्या एका लग्नासाठी डहाणूकडे गेली ती आठ दिवस राहिली. भिंतीवर तिने जाताना काढलेला गळ तसाच होता. दहाची ओहोटी. वहिनी, आम्ही सगळे तिला वहिनीच म्हणतो, आठव्या दिवशी बरोबर दहाला एकटी खडकावर गेली. पण आठ दिवसांत भरतीच्या जागी ओहोटी आणि ओहोटीच्या जागी भरती येते. डोंगरातल्या बाईला हे कोण सांगणार? पाणी थोडं आहे, उतरेल, असं म्हणत ती पुढे जात राहिली. जाळी बांधायच्या एका खुंटाला धरून ती उभी होती आणि पाणी छातीपर्यंत आलं होतं, तेव्हा कुणीतरी बघितलं आणि तिला ओढून बाहेर काढलं.

आत्या परत आल्यावर दोन दिवस जेवली नाही. तिने त्या भिंतीला हात लावून शपथ घेतली की यापुढे माझी एकही रेघ शिळी राहणार नाही. तेव्हापासून रेघ पुसणं ही आमच्या घरात जेवणाआधी हात धुण्यासारखी गोष्ट झाली. मी तर लहानच होतो. माझ्या अंगठ्यात ते कायमचं बसलं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या फलकावर एक सूचना लागली होती. व्यावसायिक वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती, मर्यादित जागा. मी अर्ज केला तो गंमत म्हणून, आणि निवड झाली तेव्हा मला सगळ्यात आधी भीती वाटली. लेखी पेपर आधी पास व्हायचे, तेही ठरलेल्या मुदतीत. मग उड्डाणाचं प्रशिक्षण. मुदत चुकली किंवा परीक्षेत गैरप्रकार सिद्ध झाला की शिष्यवृत्ती जाणार, हे करारात ठळक अक्षरात होतं. आत्याला मी समजावून सांगितलं तेव्हा तिने विचारलं की विमानाला वाट कशी कळते. मी नॅव्हिगेशन म्हणजे काय ते सांगितलं. अंतर, वेळ, वारा किती ढकलतो ते. ती म्हणाली, "म्हंजे आमचंच काम हाय. फक्त उंचावरून."

मी बोईसरला एका मित्राबरोबर खोली घेतली. दिवसा एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम, बाकी वेळ अभ्यास. मित्रही वैमानिकाचेच पेपर देत होता, माझ्यापेक्षा पुढे होता, शहरातल्या इंग्रजी शाळेतला. त्याने मला मनापासून मदत केली, हे लिहायलाच हवं. माझे चार पेपर सुटले. राहिला नॅव्हिगेशनचा.

त्यात रेखांशावरून वेळ काढायची गणितं असतात. पृथ्वी एका अंशाला चार मिनिटं घेते. अंशांना चाराने गुणायचं, साठाने भागायचं, तास-मिनिटं करायची. सोपं आहे, पण घाईत माझी मिनिटं हातच्यात चुकायची. एकदा खोलीवर असंच चुकल्यावर माझ्या लक्षात आलं की एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं, म्हणजे सहा अंश. आत्याचा गळ म्हणजे चार तास, म्हणजे साठ अंश. बहात्तर अंश असतील तर एक गळ, दोन रेघा. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. उरलेल्या अंशांसाठी मी टिंबं घेतली, एका टिंबाला चार मिनिटं. टिंबं तेवढी माझी, बाकी सगळं ओट्यावरचं.

त्यानंतर माझं एकही उत्तर चुकलं नाही. पण मी ती पद्धत कुणाला दाखवली नाही. मित्र खोलीत असला की मी डाव्या हाताने कागद झाकून घ्यायचो. त्याने एकदा विचारलंही की काय लपवतोस. मी म्हटलं, काही नाही, रफ आहे. खरं तर तिथेच माझं काहीतरी बिघडायला सुरुवात झाली होती.

परीक्षा संगणकावर होती. कच्च्या कामासाठी केंद्राचे शिक्के मारलेले दोन कागद आणि एक जेल पेन देत, आणि ते परत करायचे असत. मी पेपर छान सोडवत होतो. गळ, रेघा, टिंबं, उत्तर. आणि उत्तर निवडलं की अंगठा जिभेला लावून खुणा पुसायच्या. मी हे करतोय याचं मला भानच नव्हतं. शाई ओली होऊन कागदावर निळे डाग पडत होते, तेही मला दिसले नव्हते.

शेवटची पंधरा-वीस मिनिटं राहिली असताना पर्यवेक्षक माझ्या मागे येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी हळूच कागद उचलला आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, रफ.

"रफ आहे तर पुसताय कशाला?"

पुसतात, एवढंच मला माहीत होतं. माझा अंगठा निळा झाला होता. त्यांनी तो बघितला, मग मला बाहेर नेलं. आवाज चढवला नाही, याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानतो. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. चार पर्याय असलेला पेपर, कागदावर कुणालाही न वाचता येणारी चिन्हं, आणि ती चिन्हं नष्ट करणारा उमेदवार. अहवालात त्यांनी लिहिलं की सांकेतिक खुणांचा वापर आणि पुरावा पुसण्याचा प्रयत्न. खाली माझी सही घेतली. मी सही केली, कारण मी खुणा वापरल्या होत्या आणि पुसल्याही होत्या. यातलं खोटं काय होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दहा दिवसांनी परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. निकाल राखून ठेवला आहे, पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, तो समाधानकारक नसल्यास पुढील काही वर्षं परीक्षेला बसण्यास मनाई करण्यात येईल. खुलासा प्रतिज्ञापत्रावर हवा होता.

मी मित्राला सगळं खरं सांगितलं. आत्या, ओटा, गळ. तो आधी हसला, पण वाईट अर्थाने नाही. मग गंभीर झाला.

"आत्या लिहू नकोस," तो म्हणाला. "आत्या म्हणजे काय, संस्था आहे का? कोळशाच्या रेघा म्हणे. तुला वाटतं ते यावर विश्वास ठेवतील? काहीतरी ऐकायला बरं लिही."

मला त्याचं पटलं असं नाही. मला ते हवंच होतं. मी डोळ्यांसमोर आणलं की मोठ्या टेबलामागे बसलेली माणसं माझा कागद वाचतायत, त्यात निरक्षर, कालवं, कोळसा असे शब्द आहेत, आणि ती एकमेकांकडे बघतायत. तेवढ्यानेच माझे कान तापले. बोईसर स्टेशनजवळच्या टायपिंगच्या दुकानात मी मजकूर सांगितला: सदर खुणा या मी एका खासगी मार्गदर्शन वर्गात शिकलेल्या लघुलेखन पद्धतीच्या असून कागद स्वच्छ ठेवण्याच्या हेतूने पुसल्या. दुकानदार उत्तरेकडचा. त्याने पडद्यावर वाचून मान डोलावली. "लघुलेखन अच्छा लगता है भैया. वजन आता है."

तो कागद घेऊन मी कोळगावला गेलो. जिल्हा कार्यालयांच्या त्या नव्या मोठ्या इमारतींसमोर शपथपत्रं करून देणारे बसतात. तिथे मला विचारण्यात आलं की वरील मजकूर खरा आहे ना. रोज शंभरदा विचारायचा प्रश्न, विचारणाऱ्याने वरही बघितलं नाही. मी हो म्हटलं. शिक्का बसला. कॉपीचा आरोप होता त्या दिवशी मी निर्दोष होतो. त्या शिक्क्यानंतर राहिलो नाही.

उत्तर लगेच आलं, आणि ते माझ्या कल्पनेपेक्षा वाईट होतं. सदर मार्गदर्शन वर्गाचं नाव, पत्ता आणि तिथे शिकल्याचा पुरावा घेऊन सुनावणीस समक्ष हजर राहावं. चौकशी करताना मित्राला कळलं की प्रश्न बाहेर फोडणाऱ्या काही क्लासवाल्यांच्या मागे ते कार्यालय आधीच लागलेलं होतं. म्हणजे मी जे खोटं रचलं होतं ते नेमकं त्यांच्या संशयाच्या मापाचं होतं. मित्राचा चेहरा उतरला. तो म्हणाला की त्याच्या ओळखीचा एक क्लास आहे, तारीख मागची टाकून पावती देईल. मी एक दिवस त्यावर विचार केला. एक पूर्ण दिवस. हे मला लपवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चिंचणीला गेलो. आत्या अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला बघून तिने हात पुसले आणि आधी जेवायला वाढलं, नेहमीसारखं. पेपरचं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, निकाल अडकलाय, कागदांचा थोडा घोळ आहे.

"कसला घोळ?"

"रफ कागदाचा. त्यांना वाटलं मी काहीतरी लिहून ठेवलं."

"तू पुसलंस ना समदं?"

"पुसलं."

"मग कशाला भितंस? पुसलेल्या रेघेनं कुनाचं वाईट झालं नाय."

असं म्हणून तिने मला आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली. तुझ्यामुळे नाही, पण तुझ्याच रेघांवरून मला धरलंय आणि मी शपथेवर तुला नाकारलंय, हे कसं सांगणार?

मी ठरवून आलो होतो की भिंतीवरच्या खुणांचा फोटो काढायचा. खरं सांगायचं झालं तर काहीतरी पुरावा हवा, आणि जगात दुसरीकडे कुठेही तो नव्हता. वीस-पंचवीस वर्षं ही बाई रोज लिहीत आली आणि तिच्या लिहिण्याची एक ओळ शिल्लक नव्हती, कारण शिल्लक ठेवायची नाही हाच नियम. संध्याकाळी तिने कोळसा घेतला, रेघा काढल्या. मी मोबाइल काढला. तिने हात आडवा धरला.

"फोटो नको काढूस."

मी म्हटलं, एकच काढतो, माझ्याजवळ ठेवतो.

"भिंतीवरचं पुसता येतं. ते फोनातलं कोन पुसनार? तू कुनाला धाडशील, तो आनखी कुनाला. कुनीतरी ते बघून पान्यात जाईल." शेजारच्या ओट्यावर वहिनी तांदूळ निवडत बसली होती. आत्याने तिच्याकडे बघितलं नाही, पण आवाज खाली आणला. "एकदा झालंय ते बस हाय."

मी कारण सांगितलं असतं तर तिने नक्की काढू दिला असता. तिने स्वतः कोळसा घेऊन त्या कार्यालयाच्या भिंतीवर रेघा काढल्या असत्या. पण कारण सांगायचं म्हणजे शपथपत्रातलं खोटंही कबूल करायला लागलं असतं. मी फोन खिशात टाकला आणि तसाच बोईसरला परतलो. एवढं मात्र झालं की ती मागच्या तारखेची पावती मी घेतली नाही. ज्या बाईला फोटोची भीती वाटते कारण तो कुणालातरी बुडवेल, तिच्या घरातून निघून थेट ती पावती आणायला जाणं मला जमलं नाही. याला धैर्य म्हणता येणार नाही.

सुनावणीला तिघं होते. दोन पुरुष आणि मधे एक वयस्क बाई, त्याच अध्यक्ष होत्या. क्लासचं नाव विचारल्यावर मी म्हटलं की असा क्लास नाही. मी खोटं लिहिलं. मग मी आत्याचं सांगायला लागलो. माझं सांगणं नीट झालं नाही. मधेच तिथी, मधेच अंश, एका सदस्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे बघत बसले. बाईंनी मला थांबवलं. कोरा कागद आणि टेबलावरचं शाईचं पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, सत्त्याण्णव अंश तीस मिनिटं, म्हणजे साडेसत्त्याण्णव अंश.

मी एक गळ काढला. साठ गेले. सहा रेघा, छत्तीस गेले. एक टिंब आणि एक अर्धं. चार तास, दोन तास चोवीस मिनिटं, वर सहा.

"साडेसहा तास," मी म्हटलं.

खिडकीकडे बघणाऱ्या सदस्यांनी कागदावर गुणाकार केला आणि मान हलवली. त्यांनी दुसरा आकडा दिला, मग तिसरा. बाई गणिताकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. तिसरं उत्तर सांगून झालं आणि एकदम त्यांनी कागदावर हात ठेवला.

"पुसू नका."

माझा अंगठा ओला होता. पहिली दोन गणितं आधीच निळ्या डागात गेली होती. मला काहीच कळलं नव्हतं. मग बाईंनी माझ्या परीक्षेचा जुना कागद फाइलमधून काढून शेजारी ठेवला. तेच डाग.

नंतर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हे तुम्हाला येत होतं, खरं होतं, मग शपथपत्रावर क्लास का लिहिलात?"

मी म्हटलं, "मला लाज वाटली."

कशाची, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला बाहेर आल्यावर वाटलं.

निर्णय तीन आठवड्यांनी आला. गैरप्रकार सिद्ध होत नाही. मात्र कच्चं काम पुसलं गेल्याने पेपर तपासून खात्री करता येत नाही, सबब तो पेपर रद्द. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल लेखी ताकीद, ती माझ्या नोंदीत राहील. पुढच्या सत्रात पुन्हा बसण्यास परवानगी. शिष्यवृत्तीची मुदत त्या सत्राच्या जेमतेम आत बसते. मित्राने पेढे आणले. मी एक खाल्ला. सुटलो असं मला वाटलं नाही. त्या कार्यालयापुढे मी खरं बोललो होतो, पण ज्या माणसापुढे बोलायला हवं ते अजून भाकरी वाढतच होतं.

फोनवर दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तिने आधी जेवलास का विचारलं आणि पुढचं राहून गेलं. म्हणून पत्र लिहिलं. आधी कच्चं लिहिलं होतं, ते मी या वेळी पुसलं नाही. ते असं:

आत्यास सा. न.

हे वहिनी वाचून दाखवतील. वहिनी, तुम्ही आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलात म्हणून मी तुमच्यावर हे काम टाकतोय. मधलं काही वगळू नका, तिला वाईट वाटेल असं असलं तरी.

आत्या, पेपरचा घोळ झाला म्हणून मी सांगितलं होतं ते अर्धंच होतं. पेपरात मी तुझ्या रेघांनी गणितं केली. तुझा गळ, तुझ्या घटका. सगळी बरोबर आली. त्या मी तुझ्यासारख्याच अंगठ्याने पुसल्या आणि त्यांना वाटलं की मी चोरी लपवतोय. त्यात तुझी चूक नाही आणि माझीही नाही. तिथे रेघ ठेवायची असते, मागून कुणी तपासायला येतो म्हणून. आपल्याकडे पुसायची असते, मागून कुणी फसू नये म्हणून. हे मला तेव्हा त्यांना सांगता आलं नाही.

पण पुढचं माझं आहे. हे कुणी शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव घेतलं नाही. कोळगावला जाऊन शपथेवर लिहून दिलं की एका क्लासात शिकलो. मला तुझी लाज वाटली, आत्या. ज्या अंगठ्याने मला कॉलेजात घातलं त्याची लाज वाटली. त्या रविवारी मी तुझ्यासमोर बसून जेवलो तेव्हा हे माझ्या पोटात होतं. फोटो त्यासाठीच हवा होता. तू नको म्हणालीस ते बरोबर होतं.

नंतर मी त्यांना खरं सांगितलं. तुझं नाव सांगितलं, तुझं गाव सांगितलं. चोरी केली नाही असं त्यांनी लिहून दिलंय. खोटं लिहिलं म्हणून ताकीद दिली, ती माझ्या कागदावर राहणार आहे. ती पुसता येत नाही. पेपर पुन्हा द्यायचाय. या वेळी गणितं तुझ्याच रेघांनी करीन आणि पुसणार नाही. तुझा नियम मोडतोय, पण त्या कागदावरून कुणी पाण्यात जात नाही. तरी तुझी परवानगी हवी.

मी येत्या त्रयोदशीला येतोय. त्या दिवशीची भरती खाली काढली आहे, दोन गळ आणि सहा रेघा. म्हणजे रात्री साडेदहाच्या आत-बाहेर पाणी भरेल आणि त्याआधी दुपारी चार-साडेचारला खडक उघडे पडतील. तुझ्याबरोबर कालवांना येईन. जे बोलायचं ते तिथे मला बोल, घरात बोलू नकोस, घरात तू लगेच जेवायला वाढतेस.

वहिनी, खालच्या खुणा तिला नीट दाखवा. चुकल्या असतील तर तिला हसू दे. बरोबर असतील तर त्रयोदशीपर्यंत राहू द्या, आणि मग तिच्या हाताने पुसून टाका.

तुझा
भाचा